परवान्यातले विद्यापीठ आणि प्रत्यक्षातले विद्यापीठ

इलेक्ट्रॉनिक नियतकालिके आणि ग्रंथ यांची वर्गणी भरताना विद्यापीठ व प्रकाशक यांच्यात जो करारनामा होतो, त्याच्या आरंभी व्याख्यांचे एक कलम असते. ‘संस्था’ म्हणजे काय, ‘परिसर’ कशाला म्हणावयाचे आणि ‘अधिकृत वाचक’ कोण, हे त्या कलमात सांगितलेले असते. ग्रंथालय समितीच्या बैठकीत किमतीची चर्चा होते, सवलतीची होते, क्वचित नियतकालिकांच्या यादीचीही होते. या व्याख्यांची सहसा होत नाही. मराठीच्या अध्यापकांपर्यंत तर हा कागद पोहोचतच नाही. प्रस्तुत टिपणात मांडावयाचा मुद्दा असा की, मराठीच्या संशोधकाला काय वाचावयास मिळणार हे किमतीच्या कलमापेक्षा या व्याख्यांच्या कलमानेच अधिक ठरते. आणि ही व्याख्या आपल्या विद्यापीठांच्या प्रत्यक्ष रचनेशी जुळत नाही. ती जुळवून घेण्याचे काम ग्रंथपालांवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत.

छापील ग्रंथ आणि परवान्याने मिळणारा ग्रंथ यांतील भेद आधी ध्यानात घेतला पाहिजे. छापील प्रत विकत घेतली की ती ग्रंथालयाची होते. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यातील चौदाव्या कलमाने प्रती जनतेला उपलब्ध करून देण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाला दिला आहे. पण एकदा व्यवहारात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे ग्रंथालय आपली प्रत कोणाला द्यावी, किती दिवस द्यावी, दुसऱ्या गावच्या महाविद्यालयाला टपालाने पाठवावी की नाही, हे स्वतः ठरवू शकते. प्रकाशकाला विचारावे लागत नाही. आंतरग्रंथालयीन देवघेवीची सारी पद्धत या मोकळिकीवर उभी राहिली. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाच्या बाबतीत ग्रंथालयाच्या हाती प्रत येतच नाही. हाती येते ती ठरावीक मुदतीपुरती, ठरावीक वाचकांपुरती अनुज्ञा. वर्गणी थांबली आणि करारात मागील अंकांवरील कायम हक्काचे कलम नसेल, तर पंधरा वर्षे पैसे भरूनही फडताळ रिकामे होते. एखाद्या महाविद्यालयाने नियतकालिकाची वर्गणी कित्येक वर्षांपूर्वी बंद केली, तरी त्याआधीचे बांधीव खंड तेथे धूळ खात का होईना, पण असतात. परवान्याच्या व्यवहारात धुळीलाही जागा नाही.

ज्या ‘परिसरा’पुरती ही अनुज्ञा मिळते तो परिसर कोणता? या करारांचे नमुने जेथे तयार झाले तेथील विद्यापीठ पुष्कळदा एका आवारात किंवा एका शहरात वसलेले असते. एका भौगोलिक ठिकाणी, एका प्रशासनाखाली चालणारी संस्था म्हणजे एक ‘साइट’, अशी व्याख्या त्यातून आली. दुसऱ्या शहरातील आवार ही दुसरी साइट, आणि तिची किंमत वेगळी. आता आपल्याकडील चित्र पाहावे. मुंबई विद्यापीठाचा फोर्ट येथील जुना परिसर, कालिन्याचे विद्यानगरी संकुल, ठाणे, कल्याण व रत्नागिरी येथील उपपरिसर. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा धाराशिवचा उपपरिसर. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा लातूरचा. पुणे विद्यापीठाची अहिल्यानगर व नाशिक येथील केंद्रे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ तर चर्चगेट, जुहू आणि पुणे अशा आवारांत विभागलेले आहे. या प्रत्येक विद्यापीठाचा कुलगुरू एक, अधिसभा एक, पदवी एक. परवान्याच्या भाषेत मात्र यांतील प्रत्येकाचे दोन, तीन किंवा पाच ग्राहक होऊ शकतात.

या शाब्दिक अडचणीत तांत्रिक अडचणीची भर पडते. वाचक अधिकृत आहे की नाही, हे प्रकाशकाचा संगणक बहुधा इंटरनेट-जोडणीच्या आकडी पत्त्यावरून ओळखतो. मुख्य परिसराला विद्यापीठाच्या नावे कायमचे पत्ते मिळालेले असतात आणि ते करारात नोंदवलेले असतात. उपपरिसराने स्थानिक कंपनीकडून साधी जोडणी घेतली, तर तिचा पत्ता बदलत राहतो आणि प्रकाशकाच्या दृष्टीने तेथे बसलेला विद्यार्थी रस्त्यावरचा कोणीही असतो. पैसे भरलेले, करारही झालेला, तरी पडद्यावर लेखाची किंमत डॉलरमध्ये दिसते. नाव आणि परवलीचा शब्द देऊन कोठूनही प्रवेश देण्याची सोय आज तंत्रज्ञानात आहे. इन्फ्लिबनेटने त्यासाठी ‘इन्फेड’ ही व्यवस्था विद्यापीठांना उपलब्ध करून दिली आहे. परंतु त्यासाठी विद्यापीठाला आपल्या वाचकांची अद्ययावत यादी ठेवावी लागते. खरा प्रश्न तेथे सुरू होतो. कारण ‘आपले वाचक कोण’ हे विद्यापीठालाच नीट ठाऊक नसते.

मराठीच्या संशोधनापुरते बोलावयाचे तर ते मोठ्या प्रमाणात विद्यापीठांच्या विभागांबाहेर, संलग्न महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांत चालते. मार्गदर्शक महाविद्यालयात शिकवतात, संशोधक विद्यार्थी पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या महाविद्यालयात किंवा शाळेत नोकरी करीत असतो. माझ्या परिचयाची एक विद्यार्थिनी जिल्ह्याच्या गावी अशाच एका केंद्रात एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांवर पीएच.डी.चे काम करीत होती. मुद्रणसंस्कृतीविषयीचे काही लेख तिला ‘मॉडर्न एशियन स्टडीज’मधून हवे होते. तिच्या विद्यापीठाला ते नियतकालिक मिळत होते. महाविद्यालयातून ते उघडेना, तेव्हा ती एस.टी.ने विद्यापीठात गेली, ग्रंथालयात नाव लिहून एका संगणकापुढे बसली आणि लेख पेनड्राइव्हवर घेऊन रात्री परतली. पुढील दोन वर्षांत अशा किती फेऱ्या झाल्या हे तिने मोजले नाही. अनेक करारनाम्यांत, ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन वाचणाऱ्या बाहेरच्या व्यक्तीला मुभा देणारे एक कलम असते. ग्रंथालयाने तिला त्या कलमाखाली बसू दिले. म्हणजे जिची नोंदणी त्या विद्यापीठात आहे, शुल्क त्या विद्यापीठाने घेतले आहे, पदवी तेच देणार आहे आणि जिचा प्रबंध ‘शोधगंगे’त त्याच विद्यापीठाच्या नावावर चढणार आहे, ती विद्यार्थिनी त्या विद्यापीठात पाहुणी वाचक ठरली.

येथे सगळा दोष प्रकाशकाच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. विद्यापीठात नोंदणी झालेला विद्यार्थी हा अधिकृत वाचक, एवढे तर बहुतेक करारांत मान्य केलेले असते. पीएच.डी.चा विद्यार्थी विद्यापीठाचाच नोंदणीकृत विद्यार्थी आहे. तो केंद्रात बसतो म्हणून त्याचे नाव वाचकांच्या यादीत जात नाही, ही आपल्याच कार्यालयांची रीत. पीएच.डी. विभाग नोंदणी करतो, ग्रंथालय यादी ठेवते, आणि एकाचा कागद दुसऱ्याकडे जात नाही. तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र ग्रंथालयाचे ना-देय प्रमाणपत्र न चुकता मागितले जाते.

राष्ट्रीय पातळीवरील योजनांचा इतिहास पाहिला तरी हीच गाठ पुन:पुन्हा आढळते. १९९१ साली सुरू झालेल्या इन्फ्लिबनेटने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वतीने २००४पासून विद्यापीठांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके मिळवून दिली. लाभ विद्यापीठांना होता. संलग्न महाविद्यालये बाहेर राहिली. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१०च्या सुमारास महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ आली. अल्प वार्षिक शुल्कात हजारो नियतकालिके आणि पुढे लाखाच्या घरात ग्रंथ तिने अनुदानित महाविद्यालयांच्या आवाक्यात आणले, आणि प्रवेश आवारावर न ठेवता वाचकाच्या नावावर ठेवला. या योजनेचे मोल आपल्या क्षेत्रात पुरेसे ओळखले गेले नाही, असे माझे मत आहे. तरीही तिचा संग्रह विद्यापीठांच्या संग्रहाहून वेगळा व तोकडा होता. २०१५मध्ये या योजना ‘ई-शोधसिंधु’त एकत्र आल्या. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजार तीनशेहून अधिक संस्था, असा तिचा आवाका जाहीर झाला. सगळ्या देशाने मिळून एकदाच परवाना घ्यावयाचा, ही कल्पना मोठी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु तिचाही निकष केंद्र व राज्य शासनांच्या ‘व्यवस्थापनाखालील’ उच्च शिक्षण संस्था असा आहे. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयाच्या प्राध्यापकांचे वेतन शासन देते. व्यवस्थापन मात्र शिक्षणसंस्थेचे असते. रयत शिक्षण संस्थेपासून तालुक्याच्या गावच्या एकट्या मंडळापर्यंत हीच रचना आहे. या महाविद्यालयांतील संशोधकाने ‘व्यवस्थापन’ या एका शब्दात आपले स्थान कोठे शोधावे? राष्ट्र एक झाले, तरी विद्यापीठ एक झालेले नाही.

यावर आपल्यातूनच एक आक्षेप घेतला जातो : मराठीच्या अभ्यासकाला या परदेशी नियतकालिकांचे काय काम? त्याची साधने मराठीत आहेत. हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो घेणारांत नामवंत अध्यापकही आहेत. पण कथनमीमांसा, भाषांतरमीमांसा, बोलींचा अभ्यास, मुद्रणाचा इतिहास, दलित साहित्याची आंतरराष्ट्रीय चर्चा यांपैकी कोणताही विषय घ्यावा. त्यावरील गेल्या तीस वर्षांतील वादविवाद प्रामुख्याने नियतकालिकांतून झाला आहे. तो वाचावयास न मिळाल्याने आपल्या प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात साठ-सत्तरच्या दशकांतील तीच तीन-चार इंग्रजी पुस्तके पुन:पुन्हा येतात, आणि तीही पुष्कळदा मराठी सारांशांवरून. विद्यार्थ्यांच्या आळसाला आपण यासाठी बोल लावतो. ज्याच्यासमोर दार बंद आहे त्याचा आळस मोजणार कसा? दरम्यान प्रत्यक्षात काय चालते, हेही सर्वांना ठाऊक आहे. दिल्लीत किंवा हैदराबादेत शिकणाऱ्या मित्राला व्हॉट्सअॅपवर निरोप जातो आणि तासाभरात लेख येतो. ज्याला असा मित्र आहे त्याचे संशोधन पुढे सरकते. पहिल्या पिढीतून महाविद्यालयात आलेल्या मुलीला असा मित्र असण्याचा संभव किती?

दुसरा आक्षेप खर्चाचा. सर्व संलग्न महाविद्यालये व्याख्येत घेतली तर वाचकसंख्या काही लाखांवर जाईल आणि प्रकाशक त्या प्रमाणात किंमत मागेल, असे ग्रंथपाल सांगतात. आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. पण सर्वांचा समावेश करा, अशी मागणीच मुळात करण्याचे कारण नाही. नोंदणीकृत संशोधक, मान्यताप्राप्त मार्गदर्शक, पदव्युत्तर केंद्रांतील अध्यापक व विद्यार्थी, एवढ्यांपुरती व्याख्या वाढवली तर संख्या आटोक्यात राहते. शिवाय ही माणसे नवी नाहीत. विद्यापीठाच्या निरनिराळ्या नोंदवह्यांत ती आधीच आहेत. बहुपरिसरी विद्यापीठाने एकत्रितपणे बोलावयाचे ठरवले तर काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. त्याचे दहा परिसर राज्यभर विखुरलेले आहेत; १९९७मध्ये त्यांनी एक सामाईक अंकीय ग्रंथालय स्थापन केले आणि मोठे परवाने सर्वांच्या वतीने एकत्र घेण्याची पद्धत पाडली. फेब्रुवारी २०१९मध्ये एल्सेव्हिअर या बलाढ्य प्रकाशकाशी बोलणी फिसकटली, तेव्हा दहाही परिसरांनी वर्गणी थांबवली. दोन वर्षे ती थांबलेली राहिली आणि मार्च २०२१मध्ये विद्यापीठाला हव्या असलेल्या अटी बऱ्याच अंशी मान्य करणारा करार झाला. त्यांची ताकद आपल्याकडे नाही, हे उघड आहे. घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, त्या दोन वर्षांत अध्यापकवर्ग ग्रंथपालांच्या पाठीशी उभा होता. काही अध्यापकांनी त्या प्रकाशकाच्या नियतकालिकांचे संपादनकार्यही थांबवले.

आपल्या विद्यापीठांनी करारात काय मागावे? व्याख्या जागेवर न ठेवता नोंदणीवर ठेवावी : ज्याची विद्यापीठात विद्यार्थी, संशोधक, अध्यापक किंवा मार्गदर्शक म्हणून नोंद आहे तो वाचक, मग तो कोठेही बसलेला असो. उपपरिसरांची नावे करारातच घालावीत आणि पुढे नवा उपपरिसर निघाल्यास तो आपोआप समाविष्ट होईल, असे लिहून घ्यावे. नाहीतर प्रत्येक वेळी वेगळी किंमत मागितली जाईल. भरलेल्या वर्षांच्या अंकांवर कायम हक्क आणि एका लेखाची प्रत दुसऱ्या ग्रंथालयाला पाठवण्याची मुभा या दोन गोष्टी तर सोडताच कामा नयेत. यांतील बहुतेक कलमे जगभरच्या नमुना-करारांत आहेत; मागणाराला मिळतात.

आता जी गोष्ट मला सर्वांत अधिक बोचते तिच्याकडे वळतो. परदेशी प्रकाशकाने आखलेल्या कुंपणाविषयी आपण तक्रार करतो. आपल्या स्वतःच्या ठेव्याभोवती आपण घातलेले कुंपण त्याहून उंच आहे. गेल्या दोन दशकांत अनेक विद्यापीठांनी आणि जुन्या ग्रंथसंग्रहालयांनी दुर्मीळ मराठी ग्रंथ व नियतकालिके यांचे अंकीकरण केले, त्यासाठी अनुदाने घेतली. त्यांतील कितीतरी पाने आज ग्रंथालयाच्या एका खोलीतील एका संगणकावर उघडतात आणि अन्यत्र कोठेही उघडत नाहीत. विद्यापीठाच्या दुसऱ्या परिसरातही नाही. कारण विचारले तर ‘स्वामित्वहक्क’ असे उत्तर मिळते. १८६७मध्ये निघालेल्या आणि १९३७मध्ये बंद पडलेल्या ‘विविधज्ञानविस्ता’राच्या एकोणिसाव्या शतकातील अंकांना हे उत्तर कसे लागू पडते? आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. पहिले संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर १९०१ साली निवर्तले. ‘निबंधमाले’चा कर्ता तर त्याच्याही आधी, १८८२ साली. या मजकुरावर कोणाचाही परवाना उरलेला नाही. उरली आहे ती राखणदाराची सवय. शासकीय संस्थांनी याबाबतीत अधिक मोकळेपणा दाखवला, हे नमूद केले पाहिजे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने आणि मराठी विश्वकोशाचे खंड आज कोणालाही घरबसल्या विनामूल्य वाचता येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नियतकालिकांचा प्रश्न मात्र खरोखरच अवघड आहे. १९८२मध्ये बंद झालेल्या ‘सत्यकथे’तील अनेक लेखकांचे हक्क अजून जिवंत आहेत. सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्याजवळील छापील प्रतीचे जतनासाठी अंकीकरण करावे, एवढी मुभा २०१२च्या दुरुस्तीने दिली आहे. ते सर्वत्र खुले करण्याची नव्हे. येथे परवानाच हवा, आणि तो घेणारे-देणारे दोघेही आपल्यातलेच असणार. असा परवाना आखताना वाचक कोण हे ठरवावे लागेल, आणि मराठीचा विभाग केवळ महाराष्ट्रात नाही, हेही आठवावे लागेल. गोवा विद्यापीठ, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया, काशीचे हिंदू विद्यापीठ येथील मराठीच्या विद्यार्थ्यांना आपण ‘दुसरी साइट’ म्हणणार काय? शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून १९४३ साली तिचा पहिला खंड प्रसिद्ध केला. कोणते नियतकालिक कोणत्या ग्रंथालयाने अंकीकृत केले आहे आणि ते कोठून वाचता येते, एवढे सांगणारी साधी यादी करावयास आज कोणत्याही एका विभागाला एक शैक्षणिक वर्ष पुरेल. एकच अंक तीन ठिकाणी अंकीकृत झाल्याचे आणि चौथा कोठेच नसल्याचे त्यातून दिसेल, अशी माझी अटकळ आहे.

प्रस्तुत नियतकालिकालाही हा प्रश्न चुकलेला नाही. विभागाच्या संशोधनपत्रिकांत लेखकाकडून हक्काविषयी लेखी काही घेण्याची प्रथा नव्हती. लेख हस्तलिखित स्वरूपात यावयाचा, छापला जावयाचा, पाच प्रती लेखकाला जावयाच्या. त्यामुळे मागील अंक खुले करावयाचे तर लेखकांची आणि जे हयात नाहीत त्यांच्या वारसांची संमती घ्यावी लागेल. पुढील अंकापासून लेखासोबत एक अर्ध्या पानाचे संमतिपत्र घ्यावे : हक्क लेखकाकडेच राहील, विभागाला व कोणत्याही शैक्षणिक ग्रंथालयाला तो लेख विनामूल्य वाचावयास देण्याची अनुज्ञा असेल, आणि तीत परिसराचा किंवा संलग्नतेचा उल्लेख नसेल. मागील अंकांसाठी लेखकांच्या नावांची व पत्त्यांची यादी करण्याचे काम पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवता येईल. माझे स्वतःचे संमतिपत्र मी या टिपणाच्या हस्तलिखितासोबत संपादकांकडे दिले आहे.